भुताच्या गाडीतला हात

मार्कंड्याच्या जत्रेत महादेवाचं दर्शन झालं, वैनगंगेच्या वाळूत बसून शिदोरी सुटली, की चांदा जिल्ह्यातल्या माणसाचे पाय आपसूक पोचू मिस्त्रीच्या भुताच्या गाडीकडे वळत. देव तिथे वर्षभर होताच. गाडी मात्र महाशिवरात्रीचे आठ-दहा दिवस, आणि तिच्यात बसून बोंबलत बाहेर आल्याशिवाय जत्रा झाली असं कोणी मानायचं नाही. सोमाजीसारखा नातवंडांत रमलेला, धानाच्या बांध्यांचा मालक, तोही एका दिवसात तीनदा बसायचा आणि तिन्ही वेळा धोतर सावरत उतरायचा. लाज म्हणाल तर जत्रेत कसली आली लाज.

पोचू हा बल्लारपूरकडच्या कोळशाच्या खाणीत रूळ टाकणारा मिस्त्री. ते काम सुटलं तेव्हा त्यानं भंगारातला एक कोळशाचा डबा आणि साठ-सत्तर हात रूळ बैलगाडीवर घालून आणले. बायकोनं कपाळाला हात लावला, पण गडी हिकमती. नदीकाठी कोयत्यासारख्या वळणानं रूळ टाकायचे, वर बांबूचा मांडव, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर काळी घोंगडी आणि सगळ्यावर सागाची पानं, की भरदुपारी आत अमावस्या. डब्यात चार माणसं बसवायची आणि दोन गड्यांनी मागून ढकलायचं. वरून ओल्या सुतळ्या तोंडाला लागत. कुठूनसं घुबड बोले. मडक्याच्या डोक्याचा बांबूचा सांगाडा खडखडे. आणि शेवटच्या वळणावर, आता संपलं म्हणून माणूस श्वास सोडत असतानाच, अंधारातून एक गार, ओला हात यायचा आणि मानेवर टेकायचा.

त्या हातावर सगळी जत्रा खूश होती. तो कशाचा आहे यावर लोकांनी डोकी फोडायची तेवढी बाकी ठेवली होती. कोणी म्हणे रबराचा, कोणी म्हणे बेडकाच्या कातड्याचा. एका शहाण्यानं तर सिरोंच्याकडून एक मांत्रिक येतो आणि हात ठेवून जातो, अशी बातमी आणली होती. भागीरथा हे सगळं ताडपत्रीच्या आतून ऐकायची आणि पदर तोंडात धरून हसायची. कारण तो हात तिचा होता.

भागीरथा मूळची पोचूच्या गड्यांचा स्वयंपाक करायला लागलेली. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, म्हणून ती भावाकडे, मुखरूकडे येऊन राहिली होती. पहिल्याच वर्षी भांडी घासता घासता आतल्या गड्याला पाणी द्यायला ती अंधारात शिरली, चाचपडत हात पुढे केला आणि तो नेमका डब्यातल्या एका तेल्याच्या मानेवर पडला. तेली जो ओरडला तो पार देवळापर्यंत ऐकू गेला. बाहेर येऊन त्यानं अशी काही कथा लावली की दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट. पोचूनं तिला बोलावलं, म्हणाला, "बाई, चूल माझी बायको पाहीन. तू आत बस. पन एक ध्यानात ठेव, हात मानसाचा हाय हे कळलं का भीती गेली. कोनाले सांगाचं नाई." तिनं नाही सांगितलं. मुखरूलासुद्धा नाही. बहीण स्वयंपाक करते, एवढंच त्याला माहीत.

आत बसायला तिला आवडायचं, खोटं कशाला बोला. शेजारी पाण्याचा माठ, माठात हात. ताडपत्रीला जिथे बारीक भोकं होती तिथून उन्हाच्या काड्या आत यायच्या आणि त्यांत वाळूची धूळ हळूहळू वर चढायची. सागाची पानं तापली की त्यांचा कडवट वास सुटायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये तिला डुलकी लागायची आणि त्या डुलकीत बाहेरचा ढोल, नदी, पिपाण्या सगळं एकमेकांत मिसळून कुठूनतरी लांबून येतंय असं वाटायचं. मग रूळ गुरगुरायला लागले की ती माठातून हात काढायची. ती हात नुसता टेकवायची नाही. टेकवला की तो आपोआप थोडा थांबायचा, लेकराला ताप आहे का पाहावं तसा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिला दुसऱ्या तऱ्हेनं जमतही नव्हतं.

आता मुलीचं सांगायला हवं. अन्नपूर्णा सतरा वर्षांची झाली आणि एके दिवशी दसरूच्या घरी जाऊन बसली. दसरू गोंडाचा, नदीपलीकडच्या जंगलगावचा, मोहाच्या मोसमात ओळख झालेली. पोरगी आपल्या पायानं गेली म्हटल्यावर जात खवळली. मुखरूच्या अंगणात पंच बसले आणि भागीरथाच्या हातात बेल-भंडार देऊन त्यांनी शपथ घ्यायला लावली. लेकीचं तोंड पाहणार नाही. तिच्याशी बोलणार नाही. तिच्या हातचं खाणार नाही. मोडली तर भावाचं दार बंद. भागीरथानं शब्दाला शब्द जोडून म्हटली, आणि त्या दिवशी तिचा असा संताप झाला होता की पाच पंचांची तोंडंही पुन्हा पाहू नयेत असं वाटलं. पण जायचं कुठे?

मात्र पंच म्हणजे काही फार मोठे वकील नव्हेत. तोंड, बोलणं, खाणं, एवढ्यात त्यांना वाटलं की आई संपली. हात लावायचा नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या जत्रेला भागीरथा आत बसली होती आणि बाहेरून आवाज आला, "आमी दोघं जन." तिचा हात माठाच्या काठावर आपटला. रूळ गुरगुरले, डबा वळणावर आला, टोळीच्या तेलाचा, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा वास आला, आणि भागीरथानं मानेवर ठेवायचा हात डोक्यावर ठेवला. भांगाजवळ जात्यावर पडल्याची जुनी खोक बोटाला लागली. तोंड पाहिलं नाही, शब्द बोलली नाही. डबा पुढे गेला. ती संध्याकाळपर्यंत रडली, पण शपथेला कुठे ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून अन्नपूर्णा दर जत्रेला यायची. तिनं ओळखलं होतं की नाही हे विचारायची सोय नव्हती. पण शेवटच्या वळणावर तिच्या डोक्यावरचा पदर आधीच खाली घेतलेला असायचा. वर्षातून एकदा तेवढा हात. भागीरथा त्यावर वर्ष काढायची.

अशी चार वर्षं गेली आणि सत्तावन्न सालच्या जत्रेला पोचू आलापल्लीहून एका लाकूडवाहू ट्रकची जुनी बॅटरी घेऊन आला. तिला तार, तारेला दोन लाल दिवे, आणि दिवे सांगाड्याच्या मडक्यात. कळ दाबली की सांगाड्याचे डोळे पेटायचे आणि सारं भुयार तांबडं व्हायचं. पोचूनं सांगाडा उचलून शेवटच्या वळणावर आणला, हाताच्या जागी, आणि भागीरथाला म्हणाला, "बाई, आता तू चूल पाहा. जमाना बदलून राह्यला." तिनं मान हलवली आणि बाहेर जाऊन वांगी चिरायला बसली. बोट कापलं तरी तिला कळलं नाही.

आणि मग जे पेटलं ते विचारू नका. दोन दिवसांत जत्रेचे दोन तुकडे झाले, हातवाले आणि दिवेवाले. भुताच्या गाडीपुढच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून बैठक. दिवेवाल्यांचे पुढारी गुणवंतराव, चामोर्शीकडचे शाळामास्तर. नागपूरला एक प्रदर्शन पाहून आल्यापासून त्यांना साध्या कंदिलाचाही कंटाळा आला होता. हातवाल्यांचा पुढारी अर्थातच सोमाजी.

"अहो, प्रगती म्हनून काही चीज हाय का नाई?" गुणवंतराव म्हणाले. "डोळे पेटते, सांगाडा दिसते. मानसाले कळते का आपन कायले भेलो. तो हात म्हंजे निव्वळ अडानीपना."

"मास्तर, दिसलं का भीती संपली," सोमाजी म्हणाला. "दिवा पेटला तं मले काय दिसलं, सांगू? मडकं. माझ्याच गावच्या कुंभाराचं मडकं. बाजूले तुमची टोपी."

लोक हसले. मास्तर तापले. "मंग हातात असं काय होतं?"

सोमाजीनं कपातला चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. "पयले भेव वाटे," तो म्हणाला. "मंग बरं वाटे."

"भुतानं बरं वाटते? हे कोन्त्या शास्त्रात हाय जी?"

"शास्त्र तुमाले ठाऊक. मले त्या हातानं दरसाल ताप पाहाले लावते तसा हात लावला. माझी माय जाऊन तीस वर्सं झाली, मास्तर. मले दुसरं कोनी तसा हात लावत नाई."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पण वाद आहे म्हटल्यावर तो असा एका वाक्यात मिटवला तर जत्रेला अर्थ काय राहिला? पुन्हा जुंपली. एकजण म्हणे लेकरं दिव्याला भीत नाहीत, उलट टाळ्या वाजवतात. दुसरा म्हणे टाळ्या वाजवाव्यात म्हणून कोणी भुताकडे येतं का. एका म्हातारीनं दोन्ही बाजूंना दम भरला की हात परत आला नाही तर ती पुढच्या साली जत्रेला येणारच नाही, मग बसा देवाला समजावत. भागीरथा चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. आपल्या हातासाठी माणसं इतकी भांडताहेत याचं तिला हसूही येत होतं, पण कान रांगेकडेच लागले होते. अन्नपूर्णा अजून आलेली नव्हती. येईल, पदर खाली घेईल आणि डोक्यावर काहीच पडणार नाही, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला. दिवा राहील आणि हातही राहील. आधी डोळे पेटतील आणि त्याच उजेडात हात पुढे येईल. मास्तर खूश, कारण हात आता दिसणार. सोमाजी अर्धा खूश, कारण निदान लागणार तरी. पोचूला तर देव पावला. सगळ्यांनी एकमेकांना पान दिलं. त्या तोडग्यानं फक्त एका माणसाचा गळा कापला, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. उजेडात हात पुढे करायचा म्हणजे समोरचं तोंड दिसणार. आणि पाहिलं की शपथ मोडली.

"पोचूभाऊ, मले उजेड सोसत नाई," ती म्हणाली.

"मंग डोळे मिट नं बाई," पोचू म्हणाला, आणि काळ्या कापडाचा एक हातमोजा तिच्यापुढे टाकला. त्यावर चुन्यानं हाडं काढली होती.

तिनं डोळे मिटले. दिवसभर मिटूनच काम केलं. कोणाच्या नाकात बोट गेलं, कोणाचा फेटा खाली आला, एका पाटलाच्या मिशीला तिनं चांगलं कुरवाळलं. बाहेर हशा आणि बोंबा एकत्रच होत होत्या. मिटल्या डोळ्यांवर तांबडा उजेड येऊन जायचा आणि तिला वाटायचं, आपण पळस फुललेल्या रानातून चालतोय आणि कोणीतरी पुढे चाललंय, फक्त हाक मारायची नाही. हाक मारली की ते वळून पाहील.

चौथ्या दिवशी दुपारी ताडपत्रीबाहेर तोच आवाज आला. "हात हाय नं?"

"हाय," पोचू म्हणाला.

"हात असन तंच बसीन मी."

पाठोपाठ गुणवंतरावांचा आवाज. त्यांना तोडगा कसा काम करतो ते स्वतः पाहायचं होतं, वही-पेन्सिल घेऊन. मास्तर मागे बसले, अन्नपूर्णा पुढे. दसरू बाहेर थांबला.

रूळ गुरगुरले. भागीरथानं डोळे घट्ट मिटले आणि दातांनी ओढून तो हातमोजा काढून टाकला. लेकीच्या डोक्याला चुन्याची हाडं लावायला ती काही भूत नव्हती. हात माठात बुडवला. डबा वळला, कळ वाजली, पापण्यांवर तांबडं आलं, टोळीच्या तेलाचा वास आला. पदर खालीच होता. बोटाला ती खोक लागली आणि भागीरथाचा जीव भांड्यात पडला. झालं वर्ष, असं तिला वाटलं.

पण या वेळी डोक्यावरच्या हातावर दुसरा हात आला. अन्नपूर्णानं तिचं मनगट धरलं, खाली नेलं आणि आपल्या पोटावर ठेवलं. पोट ताठ होतं, गोल होतं. ओल्या तळव्याखाली आतून काहीतरी सरकलं.

भागीरथानं डोळे उघडले.

पाच वर्षांत गाल आत गेले होते. कपाळावर गोंदणाचे नवे ठिपके होते. त्या तांबड्या उजेडात पोरगी तिच्याकडे पाहत होती, ओठ दातांखाली दाबून, कारण आईची शपथ तिलाही ठाऊक होती आणि ती मोडायला लावायची तिची इच्छा नव्हती. मागे गुणवंतराव पेन्सिल धरून बसले होते. भागीरथाला ते दिसले. मुखरूच्या घरी उठबस असलेला माणूस, शपथेच्या दिवशी पंचांच्या मागे बसलेला. सगळं दिसलं, आणि तरीही ती बोलली.

"कितवा म्हैना?"

"सातवा," अन्नपूर्णा म्हणाली. "माय, मले भेव वाटते."

गड्यांनी डबा ढकलला. उजेड गेला. भागीरथा अंधारात उभी राहिली आणि तिचा हात अजून पुढेच होता.

बाहेर गलका झाला. सगळे मास्तरांवर तुटून पडले. दिसला का हात? कसा होता? खरा होता का?

गुणवंतरावांनी आधी पेन्सिल खिशात घातली. मग म्हणाले, "ब्याटरी उतरली. अंधारच होता. मले काई दिसलं नाई."

"मास्तर, पेटला होता जी," पोचू म्हणाला. "मी फटीतून पाह्यला."

"आत मी होतो का तू होता? काढून टाक तो दिवा. बेकार चीज हाय. सोमाजी, तू जिंकला."

सोमाजीला जिंकल्याचं काहीच सुख झालं नाही. चार दिवस ज्याच्याशी भांडून मजा आली तो माणूस असा वही मिटून देवळाकडे चालता झाला, हे त्याला भलतंच खटकलं. तो दोनदा "मास्तर, ओ मास्तर" म्हणाला, पण मास्तर वळले नाहीत.

भागीरथानं आतून ऐकलं. म्हणजे ती सुटली होती. दिवा गेला, अंधार परत आला, कोणी काही पाहिलं नव्हतं. पुढच्या साली पुन्हा माठ, पुन्हा वळण, पुन्हा तेवढा हात. तिला तिथेच बसून राहता आलं असतं. पण पहिलं बाळंतपण पोरीचं माहेरी होतं, आणि या पोरीला माहेर नव्हतं. पुढच्या जत्रेपर्यंत ते लेकरू रांगायला लागलं असतं, नाहीतर काय काय झालं असतं. अंधारात डोक्यावर हात ठेवून कोणाचं बाळंतपण होतं का? तिला स्वतःचाच राग आला. चार वर्षं आपण पंचांच्या चुकीवर खूश राहिलो, असं तिच्या मनात आलं.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "पोचूभाऊ, दुसरा हात पाहा."

"काऊन बाई? आता तं तुह्याच हात राह्यला."

"मले लेकीचं बाळंतपन कराले जाचं हाय."

टपरीवरच्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सोमाजीची नजर तिच्या हातावर गेली. धुऊन धुऊन पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं, मनगटावरून अजून पाणी ठिबकत होतं. तो बाकावरून उठला, जवळ आला आणि आपला फेटा काढून काखेत धरला. भागीरथा थांबली. त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या उघड्या डोक्यावर तिनं भरदिवसा हात ठेवला, आणि पुढे गेली.

जत्रेला आलेल्या मुखरूची बैलगाडी चिंचेखाली सोडलेली होती. तो बैलांना पेंडी टाकत होता. भागीरथा त्याच्यासमोर उभी राहिली. "मुखरू, शपथ मोडली मी. पाह्यलं तिले, आन बोललीबी. तुह्यं दार मले बंद झालं, ठाऊक हाय. माही गठडी दे."

मुखरूनं वर पाहिलं नाही. पेंडी टाकून झाली तरी तो बैलाच्या वशिंडावर हात फिरवत राहिला. मग त्यानं गाडीतून तिची गठडी काढली. जत्रेत घरासाठी घेतलेली गुळाची ढेप तिच्यात कोंबली, गाठ पक्की केली आणि गठडी तिच्या पायाशी ठेवली. त्याला पंचांमध्ये राहायचं होतं. तिनं गठडी उचलली आणि निघाली.

नदीच्या वाळूत तिघं उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दसरू गठडी डोक्यावर घेऊन पुढे, पाणी कुठे गुडघाभर आहे ते पाहत. मागे मायलेकी. वाळू तापलेली, पाय रुतत होते, आणि भागीरथा दर दोन पावलांना अडखळत होती. कारण ती चालत होती पुढे आणि पाहत होती बाजूला. लेकीचे गाल, ते गोंदण, कानातलं, घामानं चिकटलेले केस.

"माय, खाली पाहून चाल नं," अन्नपूर्णा म्हणाली. "पडशीन."

भागीरथानं काही खाली पाहिलं नाही.